काम आणि बेकारी : इंग्रजी शब्दांचे अर्थ व वापर

मराठीत ‘काम’ या एका शब्दावर पुष्कळ भागते. शेतातली निंदणी हे काम, कचेरीतल्या फायली हातावेगळ्या करणे हेही काम. तहसीलदाराकडे खेटा घालायचा असला तरी ‘जरा एक काम होते’ असे सांगता येते, आणि नटाचे नाटकातले ‘काम’ चांगले झाले असेही म्हणता येते. इंग्रजीत या सगळ्यांना एक शब्द पुरत नाही. वर्क, लेबर, जॉब, टास्क, एम्प्लॉयमेंट, ऑक्युपेशन अशी तिथे रांगच लागते. शब्दकोशात त्यांच्यापुढे ‘काम, धंदा, नोकरी’ हेच तीन अर्थ आलटून पालटून दिलेले असतात. त्यामुळे हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरावेत, असा समज होतो. तो टिकत नाही.

यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द माणसाला कामाला लावण्याच्या एखाद्या रीतीतून घडला आहे. रीत बदलली की अर्थ सरकला, पण जुन्या अर्थाचा डाग राहिला. म्हणून असा शब्द समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात : यात काम देणारा कोण आहे, काम करणारा कोण आहे, आणि काम नसेल तर हा शब्द बोल कोणाला लावतो? पुढील विवेचन याच प्रश्नांच्या आधाराने केले आहे.

कष्टाचे शब्द

‘वर्क’ हा या कुळातला सर्वांत जुना आणि सर्वांत ऐसपैस शब्द. तो जुन्या इंग्रजीतला आहे आणि ग्रीकमधल्या ‘एर्गोन’शी त्याचे नाते आहे, ‘एनर्जी’ हा शब्द त्याच एर्गोनपासून आला. ‘वर्क’मध्ये करणे आणि केलेली वस्तू या दोन्ही गोष्टी मावतात. म्हणून लेखकाचे ग्रंथ हे त्याचे ‘वर्क्स’, लोखंडाचा कारखाना हा ‘आयर्नवर्क्स’ आणि सरकारी बांधकामे ही ‘पब्लिक वर्क्स’. महाराष्ट्रात ज्याला सगळे पीडब्ल्यूडी म्हणतात, त्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नावात हाच अनेकवचनी ‘वर्क्स’ आहे. मोबदला मिळतो की नाही, मालक आहे की नाही, याच्याशी ‘वर्क’ला मुळात कर्तव्य नव्हते.

‘लेबर’ लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला आणि येताना कष्ट, क्लेश हा अर्थ घेऊन आला. प्रसूतीच्या कळांना इंग्रजीत ‘लेबर’ म्हणतात, ते त्याच अर्थाने. औद्योगिक क्रांतीनंतर अर्थशास्त्राने हा शब्द उचलला आणि जमीन, भांडवल आणि श्रम या त्रयीत तो जाऊन बसला. तेव्हापासून ‘लेबर’ म्हणजे कष्ट आणि कष्टकऱ्यांचा समूह, असे दोन्ही अर्थ चालू आहेत. ब्रिटनमध्ये 1900 साली कामगारांचे प्रतिनिधी संसदेत पाठवण्यासाठी एक समिती स्थापन झाली आणि 1906 मध्ये तिने ‘लेबर पार्टी’ हे नाव घेतले. एकेकाळी क्लेशाचा असलेला शब्द राजकीय ओळख म्हणून अभिमानाने मिरवला जाऊ लागला. मराठीत मात्र ‘लेबर’ वेगळ्या वाटेने रुळला. ‘लेबर मिळत नाही’, ‘लेबर चार्ज वेगळा पडेल’ अशा बोलण्यात तो माणूस आणि मजुरी या दोहोंसाठी एकदमच वापरला जातो.

‘टॉइल’ आणि ‘ट्रॅव्हेल’ यांची व्युत्पत्ती याहून कडवट आहे. ‘टॉइल’चा माग ऑलिव्ह चिरडण्याच्या रोमन यंत्राच्या नावापर्यंत लागतो. ‘ट्रॅव्हेल’चे मूळ लॅटिनमधल्या ‘ट्रिपॅलियम’ या तीन खुंटांच्या छळयंत्राकडे नेले जाते. फ्रेंचमध्ये कामाला आजही ‘त्राव्हाय’ म्हणतात. इंग्रजीत त्याच शब्दाचे दोन फाटे फुटले : एकाचा अर्थ यातना, दुसऱ्याचा प्रवास. प्रवास हा एकेकाळी यातनेचाच प्रकार असल्याने हा फाटा फुटणे स्वाभाविक होते.

कष्ट करणाऱ्याला काय म्हणायचे, यातही असाच इतिहास आहे. गिरण्यांच्या काळात इंग्लंडमध्ये कामगारांना सर्रास ‘हँड्स’ म्हणत. मालकाला माणसाचे हातच हवे असत, तेव्हा मोजणीही हातांचीच होई. चार्ल्स डिकन्सने 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत या शब्दावर नेमके बोट ठेवले. हाच शब्द मुंबईतही आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये काढलेल्या संघटनेचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ असे होते. मालकांनी हात म्हणून मोजलेल्यांनी त्याच नावाने एकत्र येऊन आठवड्याची सुट्टी मागितली आणि 1890 मध्ये मिळवली.

उलट दिशेचा प्रवास ‘कुली’ने केला. हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीत गेला. त्याचा उगम काही जण तमिळमधल्या ‘कूलि’ म्हणजे मजुरी या शब्दात शोधतात, तर काही जण गुजरातेतल्या कोळी समाजाच्या नावात. मळ्यांसाठी करारबद्ध मजूर जहाजांतून मॉरिशस, नाताळ, त्रिनिदाद येथे नेले गेले तेव्हा हा शब्दही त्यांच्यासोबत गेला. आज तिथे तो शिवी समजला जातो. भारतातल्या रेल्वे फलाटावर ज्याला लाल सदरा आणि बिल्ला होता, त्या शब्दाला दक्षिण आफ्रिकेत वंशद्वेषाचा वास आहे. इंग्रजीत लिहिताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तुकड्याचे काम आणि पदाचे काम

आज जगभर सर्वांत जास्त तोंडी असलेला शब्द ‘जॉब’ हा कुळशील नसलेला आहे. सोळाव्या शतकात तो दिसतो तो ‘कामाचा तुकडा’ या अर्थाने. गोळा किंवा ढेकूळ अशा अर्थाच्या एका बोली शब्दाशी त्याचा संबंध असावा, असा तर्क आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात त्याला हलक्या दर्जाचा शब्द ठरवले आणि व्युत्पत्ती सांगता येत नसल्याचेही नोंदवले. किरकोळ, सटरफटर, अधूनमधून मिळणारे काम म्हणजे जॉब. सरकारी पदाचा खासगी लाभासाठी वापर करणे याला तर ‘जॉबरी’ म्हणत. मुंबईच्या गिरण्यांत ‘जॉबर’ हा मोठा माणूस होता. कामगार भरती करणे, खाड्याच्या जागी बदली लावणे आणि कामावर देखरेख ठेवणे हे सगळे त्याच्या हातात असे. गावाकडून आलेल्याला गिरणीत चिकटवणारा तोच आणि त्याबद्दल दस्तुरी घेणाराही बहुधा तोच.

विसाव्या शतकात चित्र पालटले. कामाचा तुकडा असलेला ‘जॉब’ हा पक्क्या नोकरीचा, पदाचा वाचक झाला. आज ‘जॉब सिक्युरिटी’ हा शब्दप्रयोग सहज वापरला जातो. जॉन्सनच्या काळच्या कानाला तो विसंगत वाटला असता.

‘एम्प्लॉय’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ गुंडाळणे, गुंतवणे असा आहे. ‘इम्प्लाय’ आणि ‘इम्प्लिकेट’ हे त्याचे सख्खे भाऊ. माणसाला कामात गुंतवायचे तर गुंतवणारा दुसरा कोणी तरी लागतो. ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ या जोडीतला दुसरा प्रत्यय फ्रेंच कर्मणी रूपातून आला आहे : एक जण कामाला लावतो, दुसरा लावला जातो. आपल्याच रानात राबणारा शेतकरी इंग्रजीत ‘वर्क’ करतो, पण त्याला कोणी ‘एम्प्लॉय’ केलेले नसते. बेकारीचा विचार करताना हा फरक निर्णायक ठरतो.

मराठीतल्या ‘नोकर’ शब्दाची गोष्ट याच्या उलटी आहे. तो फारसीतून आला, फारसीत मंगोल भाषेतून, आणि तिथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती, साथीदार. सरदाराचा साथीदार पुढे सरदाराचा नोकर झाला.

हाक, व्रत आणि शर्यत

काही शब्दांना प्रतिष्ठा आहे, आणि ती त्यांना धर्मातून मिळाली आहे. ‘व्होकेशन’ म्हणजे हाक. देवाने एखाद्याला संन्यस्त जीवनासाठी बोलावणे. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने अशी हाक मठापुरती न ठेवता चांभार, सुतार, गृहस्थ अशा सर्वांच्या रोजच्या कामाला लावली. जर्मनमधला ‘बेरूफ’ आणि इंग्रजीतला ‘कॉलिंग’ हे शब्द त्याच अर्थाचे. आधुनिक भांडवलशाहीमागची मनोवृत्ती समजून घेण्यासाठी माक्स वेबरने 1904-05 मध्ये याच शब्दाचा धागा पकडला. आज मात्र ‘व्होकेशनल कोर्स’ म्हणजे व्यवसाय शिक्षण, आणि मराठी पालकांच्या मनात त्याचा दर्जा पदवीच्या खालचा. देवाच्या हाकेपासून आयटीआयच्या वर्कशॉपपर्यंत आलेला हा शब्द आहे.

‘प्रोफेशन’ म्हणजे जाहीर उच्चार. मठात प्रवेश करताना घेतलेले व्रत. पुढे धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन विद्याधिष्ठित व्यवसायांना हे नाव मिळाले. म्हणून डॉक्टर आणि वकील यांच्या बाबतीत शपथ, आचारसंहिता आणि सनद हे शब्द अजून निघतात. ‘ट्रेड’चा मूळ अर्थ पाऊलवाट, तुडवलेली वाट, तो हातकारागिरीला आणि व्यापाराला लागला. ‘क्राफ्ट’चा जुना अर्थ बळ. ‘बिझनेस’ म्हणजे शब्दशः ‘बिझी’ असण्याची अवस्था, आणि त्याच्या जुन्या अर्थांत चिंताही होती.

‘करिअर’ला ना देव आहे ना व्रत. फ्रेंचमध्ये तो घोड्यांच्या शर्यतीचा मार्ग होता. आजही इंग्रजीत तो क्रियापद म्हणून आला की ताबा सुटून सुसाट धावणे असा अर्थ होतो. एकोणिसाव्या शतकात त्याला आयुष्यभराच्या वाटचालीचा अर्थ आला. मराठीत ‘करिअर करणे’ असे क्रियापदच तयार झाले आहे. इंग्रजीत करिअर ‘करत’ नाहीत, ते घडवतात किंवा त्याचा पाठलाग करतात.

मोबदल्याचे शब्द

‘वेज’ आणि ‘सॅलरी’ या दोहोंचा अर्थ मोबदला असला तरी इंग्रजी समाजात त्यांच्यात वर्गाची रेघ आहे. ‘वेज’ तासावर किंवा आठवड्यावर मिळते, हाताने काम करणाऱ्याला. ‘सॅलरी’ महिन्याला किंवा वर्षाच्या हिशेबाने, कचेरीत बसणाऱ्याला. ‘वेज’ मुळात तारण किंवा वचन होते. लग्नासाठीचा ‘वेड’ हा शब्द त्याच कुळातला, कारण लग्नही वचनच. ‘सॅलरी’ लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दापासून बनली, हे नक्की. मात्र रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच मोजून देत, ही पाठ्यपुस्तकांतून फिरणारी गोष्ट पुराव्याने सिद्ध झालेली नाही. भारतीय कायद्याने ही रेघ बरीचशी पुसली. 1936 चा वेतन प्रदान कायदा आणि 1948 चा किमान वेतन कायदा यांच्या इंग्रजी नावांत ‘वेजेस’ आहे, तर त्यांच्या मराठी नावांत संस्कृत ‘वेतन’.

‘पे’ची कथा मराठी वाचकाला जवळची आहे. लॅटिनमध्ये ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे, समजूत घालणे. ‘पॅक्स’ म्हणजे शांतता याच्यापासून ते क्रियापद झाले. घेणेकऱ्याला शांत करणे म्हणजे त्याचे देणे फेडणे. त्याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘पे’ आला आणि पोर्तुगीजमध्ये ‘पागार’. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत ‘पगार’ झाला. ‘पे-स्लिप’मधला पे आणि तिच्यावरचा पगार हे अशा रीतीने भाऊबंद आहेत.

मजुरीच्या कालमापनातही असेच साम्य दिसते. ‘जर्नीमन’ या शब्दात प्रवासी कोणी नाही. फ्रेंचमध्ये दिवसाला जो शब्द आहे त्यापासून तो झाला आणि त्याचा अर्थ उमेदवारी संपवून रोजावर काम करणारा कारागीर असा आहे. मराठीतल्या ‘रोजंदारी’ आणि ‘रोजगार’ या शब्दांतही फारसी ‘रोज’ म्हणजे दिवसच आहे. दिवस संपला की मोबदला आणि उद्याची खात्री नाही, ही स्थिती दोन्ही भाषांनी एकाच खुणेने नोंदवली.

काम थांबवण्याचे शब्द

‘स्ट्राइक’ हा शब्द बंदरातून आला. 1768 मध्ये मजुरीच्या वादात खलाशांनी जहाजांची शिडे उतरवली. शिड उतरवणे याला त्यांच्या भाषेत ‘स्ट्राइक’ म्हणत. शिड नाही तर जहाज हलत नाही आणि जहाज हलले नाही तर व्यापार थांबतो. मराठीत त्याच गोष्टीला ‘संप’ म्हणतात. शेजारच्या गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. इंग्रजीने काम थांबण्याची खूण पकडली, तर ‘संप’ या शब्दात लोक एकत्र आल्याची खूण दिसते. मुंबईच्या गिरणगावात 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे ‘संप’ या शब्दाला मुंबईत आशेइतकाच हानीचाही अर्थ चिकटला.

कामगारांनी थांबवले तर ‘स्ट्राइक’, मालकाने थांबवले तर ‘लॉक-आउट’. मराठीत त्याला ‘टाळेबंदी’ हा चपखल शब्द आहे. 2020 मध्ये साथीच्या काळातल्या ‘लॉकडाउन’लाही वृत्तपत्रांनी तोच शब्द दिला आणि एका शब्दावर दोन अर्थांचा भार पडला. इंग्रजीत हे दोन शब्द अदलाबदलीचे नाहीत : पहिल्यात कामगार दाराबाहेर ठेवला जातो, दुसऱ्यात माणूस घरात कोंडला जातो.

‘बॉयकॉट’ हे माणसाचे नाव. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटशी 1880 मध्ये कुळांनी आणि मजुरांनी सर्व व्यवहार तोडले. पंचवीस वर्षांनी, बंगालच्या फाळणीनंतर, हा शब्द हिंदुस्थानात घरोघरी पोहोचला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो ‘बहिष्कार’ म्हणून आला.

नोकरी जाण्याचे शब्द

नोकरी कशी गेली हे सांगणाऱ्या शब्दांत इंग्रजी विशेष सावध आहे. ‘सॅक मिळणे’ हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा प्रयोग. कारागीर आपली हत्यारे पोत्यात घालून आणत. पोते हातात दिले की निघायचे, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘फायर’ अमेरिकेत निघाला. ‘डिस्चार्ज’ म्हणजे मुक्त करणे आणि बंदूक झाडणे, या श्लेषावर तो उभा आहे. दोन्ही शब्द बोलीतले आहेत आणि दोन्हींत कामगाराचा काही दोष असावा अशी सूचना असते. रीतसर शब्द ‘डिस्मिसल’, म्हणजे बडतर्फी.

दोष नसताना नोकरी गेली तर ब्रिटनमध्ये ‘रिडन्डंट’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लाट काठावरून ओसंडणे असा आहे. म्हणजे माणूस वाईट नाही, जास्तीचा झाला. 1965 च्या कायद्याने अशा कामगाराला भरपाई देणे बंधनकारक केले. त्यामुळे ब्रिटिश कामगाराला ‘रिडन्डंट’ होणे आणि ‘सॅक’ होणे यांतला फरक पैशांत मोजता येतो.

‘ले-ऑफ’ या शब्दावरून मराठी वाचकाची सर्वांत मोठी गल्लत होते. मूळचा अर्थ तात्पुरते घरी बसवणे. हंगाम परतला की परत बोलावणे. भारताच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 मध्ये घातलेली व्याख्या याच अर्थाची होती. कोळसा, वीज, कच्चा माल यांची टंचाई झाली, माल साठून राहिला किंवा यंत्र बिघडले, म्हणून मालक काम देऊ शकला नाही, पण कामगाराचे नाव मस्टरवर आहे, तर तो ‘ले-ऑफ’. पात्र कामगाराला त्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळे. कायमचे काढणे याला तोच कायदा ‘रिट्रेंचमेंट’, म्हणजे कपात, म्हणत असे आणि त्यासाठी महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार ठरवत असे. अमेरिकेत मात्र ‘ले-ऑफ’ म्हणजे आता सरळ कायमची गच्छंती. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीत ‘ले-ऑफ’ झाल्याची बातमी येते, ती या अमेरिकी अर्थाने. कायद्याच्या भाषेत ती कपात आहे.

याच कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘बदली वर्कमन’ अशी एक संज्ञा होती. हजर नसलेल्याच्या जागी काम करणारा गिरणीतला ‘बदली’ जसाच्या तसा इंग्रजी कायद्यात गेला, कारण इंग्रजीला त्याच्यासाठी नेमका शब्द नव्हता.

कंपन्यांच्या भाषेने पुढे आणखी शब्द घडवले. ‘डाउनसाइझ’ 1970 च्या दशकात आधी मोटारींसाठी वापरला गेला. लहान गाड्या काढणे असा त्याचा अर्थ होता. नंतर तो माणसांना लागला. त्याचे पुढचे रूप ‘राइटसाइझ’; त्यात आधीचा आकार चुकीचा होता असे सुचवले जाते. ‘लेट गो’ म्हणजे जाऊ देणे. जणू कामगारच जायला उतावीळ होता. ‘गोल्डन हँडशेक’चा, म्हणजे मोठी रक्कम देऊन केलेल्या पाठवणीचा, भारतीय अवतार म्हणजे व्हीआरएस, स्वेच्छानिवृत्ती योजना. त्यातला ‘व्हॉलंटरी’, म्हणजे स्वेच्छेने, हा शब्द कितपत खरा, हे ती घेतलेल्यांना चांगले ठाऊक असते. या साऱ्या शब्दांचे एक व्याकरण आहे : काढणारा कर्ता वाक्यातून नाहीसा होतो.

बेकारीचे शब्द

इंग्लंडमध्ये 1601 च्या दारिद्र्य कायद्याने काम नसलेल्या धडधाकट माणसाकडे संशयाने पाहिले. आजारी, वृद्ध, अनाथ हे मदतीला पात्र. ‘एबल-बॉडीड’ म्हणजे हातीपायी धड असलेला मात्र कामाला जुंपायचा. 1834 च्या दुरुस्तीनंतर मदत हवी असेल तर ‘वर्कहाउस’मध्ये या, अशी अट आली आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट ठेवले गेले. त्या काळचा नित्याचा शब्द ‘आयडल’. मूळ अर्थ रिकामा, पुढे आळशी. काम नसणे आणि काम न करणे यांतला फरक या शब्दाला दिसतच नाही. मराठीतला ‘रिकामटेकडा’ त्याच जातीचा.

‘अनएम्प्लॉइड’ सतराव्या शतकात माणसांना लागू लागला, पण ‘अनएम्प्लॉयमेंट’ हे भाववाचक नाम रूढ व्हायला 1890 चे दशक उजाडले. ‘आळशी माणसे’ म्हटले की दोष माणसांचा. ‘अनएम्प्लॉयमेंट’ म्हटले की ती समाजाची स्थिती झाली, तापासारखी मोजण्याची आणि उपाय करण्याची गोष्ट. विल्यम बेव्हरिजने 1909 च्या आपल्या ग्रंथात बेकारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न असल्याचे शीर्षकातच नमूद केले. त्याच वर्षी ‘लेबर एक्स्चेंज’चा कायदा झाला. 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही धंद्यांतल्या कामगारांना बेकारीत आठवड्याला 7 शिलिंग, वर्षाला जास्तीत जास्त 15 आठवडे देण्याची सोय केली.

पहिल्या महायुद्धानंतर या मदतीला लोक ‘डोल’ म्हणू लागले. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाटा. नंतर दानधर्मात वाटलेले अन्न किंवा पैसा. कामगाराने वर्गणी भरून कमावलेला हक्क बोलीभाषेत भिक्षेच्या रांगेत उभा राहिला. 1936 मध्ये उत्तर इंग्लंडच्या जॅरो गावातून 200 पुरुष सुमारे 450 किलोमीटर चालत लंडनला गेले. गोदी बंद पडून गाव ओस पडले होते. त्या काळी अशा मोर्च्यांना ‘हंगर मार्च’ म्हणत आणि त्यांच्यावर कम्युनिस्टांचा शिक्का असे. जॅरोकरांनी जाणीवपूर्वक ‘क्रुसेड’ हा शब्द निवडला.

पुढे सरकारी पाटीही बदलत गेली. ‘लेबर एक्स्चेंज’चे ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ झाले, 1973 पासून ‘जॉबसेंटर’. 1996 मध्ये बेकारभत्त्याला ‘जॉबसीकर्स अलाउन्स’ म्हणू लागले. ‘अनएम्प्लॉइड’ माणसाला काम मिळालेले नसते. ‘जॉबसीकर’ काम शोधत असतो आणि शोधत नसला तर भत्ता थांबतो. अर्थात जबाबदारी पुन्हा माणसाच्या खांद्यावर आली. महाराष्ट्राने उलट दिशेचा शब्द घडवला. 1972 च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आणि 1977 च्या कायद्याने पक्क्या झालेल्या ‘एम्प्लॉयमेंट गॅरंटी’ योजनेत, म्हणजे ‘रोजगार हमी’त, काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने घेतली, देता आले नाही तर बेकारभत्ता. 2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षातून 100 दिवसांची अशीच हमी दिली.

मोजणीचे शब्द

आकडेवारीतला ‘अनएम्प्लॉइड’ आणि गल्लीतला बेकार हे एकच असतील असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1982 च्या ठरावानुसार तीन अटी लागतात : काम नसावे, कामाला तयार असावे आणि कामाच्या शोधात असावे. शोधून दमलेला आणि शोध सोडलेला माणूस तिसरी अट पाळत नाही. तो ‘डिस्करेज्ड वर्कर’ ठरतो आणि श्रमबलातूनच वगळला जातो. परिणामी लोक निराश झाले की बेकारीचा दर कमी दिसू शकतो. भारतातल्या साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही कामावर असलेल्यांत मोजतात. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने 1970 मध्येच दाखवून दिले होते की भारतासारख्या देशात बेकारी एका आकड्यात सांगता येत नाही.

‘डिसगाइज्ड अनएम्प्लॉयमेंट’ किंवा छुपी बेकारी ही संज्ञा जोन रॉबिन्सन यांनी 1936 मध्ये वापरली, ती मंदीत चांगले काम गेल्यावर रस्त्यावर काड्यापेट्या विकण्यासारख्या कामांवर आलेल्यांसाठी. दोन एकरांत पाच भावांनी राबणे हा तिचा भारतीय पाठ्यपुस्तकांतला अर्थ नंतरचा. ‘फ्रिक्शनल’ म्हणजे एक नोकरी सुटून दुसरी मिळेपर्यंतची, ‘स्ट्रक्चरल’ म्हणजे धंद्याची घडीच बदलल्याने आलेली, ‘सिक्लिकल’ म्हणजे मंदीबरोबर येणारी आणि ‘सीझनल’ म्हणजे हंगामी, अशी बेकारीची वर्गवारी केली जाते. गिरण्या बंद पडल्यावर मुंबईत आली ती दुसऱ्या प्रकारची. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, ऊसतोडणी मजुरांवर येते ती चौथ्या.

2013 मध्ये श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘वर्क’ आणि ‘एम्प्लॉयमेंट’ अधिकृतपणे वेगळे केले. स्वतःसाठी किंवा इतरांसाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी कोणतीही कृती ‘वर्क’. त्यातली मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेली तेवढी ‘एम्प्लॉयमेंट’. पाणी भरणारी, स्वयंपाक करणारी, सासूचे आजारपण काढणारी स्त्री ‘वर्क’ करते हे व्याख्येने मान्य केले. तिला ‘नॉन-वर्किंग’ म्हणणे हा आता शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचा प्रयोग आहे.

नवे शब्द आणि वापरातल्या चुका

अलीकडचे शब्द जुन्या रीतींकडे वळलेले दिसतात. ‘फ्रीलान्स’ला वॉल्टर स्कॉटच्या 1819 च्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीने चलन दिले. पैसे देईल त्याच्यासाठी भाला उचलणारा तो भाडोत्री योद्धा. ‘गिग’ 1920 च्या दशकात जॅझ वादकांच्या बोलीत एका रात्रीच्या कार्यक्रमाला म्हणत. आज दुचाकीवरून घरपोच जेवण आणणारा ‘गिग वर्कर’ आहे. भारताच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचा म्हणून त्याची व्याख्या केली. कामाचा तुकडा, त्या तुकड्याचा मोबदला आणि उद्याची खात्री नाही : सोळाव्या शतकातला ‘जॉब’ आणि रोजंदारीवरचा ‘जर्नीमन’ यांची ही सुधारित आवृत्ती आहे.

वापराच्या दृष्टीने मराठी भाषकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘वर्क’ या अर्थी अगणनीय आहे. ‘मला एक काम आहे’ याचे भाषांतर करताना त्याला ‘अ’ लावण्याची चूक सर्रास होते. मोजायचे असेल तर ‘जॉब’ किंवा ‘टास्क’. म्हणूनच ‘आउट ऑफ वर्क’ हा प्रयोग उपपदाशिवाय येतो, पण ‘आउट ऑफ अ जॉब’ला उपपद लागते. ‘तो बँकेत सर्व्हिसला आहे’ हा प्रयोग भारतात सर्वमान्य असला तरी ब्रिटनमध्ये ‘इन सर्व्हिस’ म्हणजे कोणाच्या घरी गडी किंवा मोलकरीण असणे, आणि ‘द सर्व्हिसेस’ म्हणजे सैन्यदले. ‘द अनएम्प्लॉइड’ हे बहुवचनी आहे. एका माणसाला ते लावता येत नाही. ‘जॉबलेस’ हा वृत्तपत्री मथळ्यांचा आटोपशीर शब्द. शास्त्रीय लेखनात ‘अनएम्प्लॉइड’ योग्य. राजीनामा दिलेला, बडतर्फ झालेला आणि कपातीत गेलेला, या तिघांनाही ‘नोकरी सुटली’ हा मराठी प्रयोग चालतो. इंग्रजी अर्जात आणि अनुभवपत्रात मात्र तिघांसाठी तीन शब्द आहेत, आणि पुढचा मालक ते बारकाईने वाचतो.

1978 मध्ये ब्रिटनमधल्या एका निवडणूक फलकावर बेकारांची लांबच लांब रांग आणि खाली तीन शब्द होते : ‘लेबर इझन्ट वर्किंग’. लेबर पक्ष निकामी आहे आणि श्रमिकाला काम नाही, असे दोन्ही अर्थ त्या तीन शब्दांत होते. क्लेशाचा ‘लेबर’, समूहाचा ‘लेबर’, पक्षाचा ‘लेबर’ आणि करणे व चालणे हे दोन्ही दाखवणारा ‘वर्क’ माहीत असल्यावाचून तो फलक वाचता येत नाही. तो कोणाला बोल लावतो, हेही त्याशिवाय कळत नाही.